काऱ्या मातीची मारबत

निवृत्त विज्ञान शिक्षकाला दोन रोग हमखास जडतात. एक गुडघेदुखी, दुसरा समाजसेवा. गुडघ्यावर तेल चोळून भागतं. समाजसेवा मला तेलामुळेच जडली.

हजिऱ्याहून पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या लाखनीच्या मधून जातो. जुनी माणसं त्याला अजून कलकत्ता रोडच म्हणतात. उड्डाणपूल झाल्यापासून लांबच्या गाड्या डोक्यावरून निघून जातात आणि खाली उरतो आम्ही: पंक्चरवाले, ब्याटरीवाले, भंगारवाले, मिस्त्री लोक आणि माझ्यासारखे पेन्शनर. गॅरेजच्या रांगेमागे एक रिकामा प्लॉट आहे. त्याचा मालक नागपूरला असतो म्हणतात; त्याला पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मालक न फिरकणाऱ्या जागेचं जे होतं तेच त्या प्लॉटचं झालं. मोटारसायकलींचं जळकं तेल तिथे, ग्रीसच्या चिंध्या तिथे, फुटक्या ब्याटऱ्याही तिथेच. आणि प्लॉटच्या मागच्या अंगाला, ज्यांना गावात दुसरीकडे जागा परवडत नाही, त्यांची घरं.

पहिला पाऊस पडला की तिथल्या डबक्यांवर सात रंग तरंगायचे. नोकरीत असताना दरवर्षी मी पोरांना तिथे घेऊन जायचो आणि प्रकाशाचं व्यतिकरण शिकवायचो. शहरातल्या शाळांना प्रयोगशाळा बांधावी लागते, आपल्याला ती रस्त्यालगत मिळाली आहे, असं एक वाक्यही टाकायचो. रंगांखाली तेल आहे, तेलाखाली माती आहे आणि मातीवर अनवाणी पोरं आहेत, हा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

निवृत्तीनंतर वाचन वाढलं आणि त्याबरोबर आवाजही. एका सभेत मला बोलायला बोलावलं तेव्हा मी वॉरन काउंटीची गोष्ट सांगितली. १९७८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात काही दिवट्यांनी पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेलं टाकाऊ तेल टँकरमध्ये भरलं आणि रात्री-अपरात्री जवळपास २४० मैल रस्त्यांच्या कडेने सांडत नेलं. विल्हेवाटीचा खर्च वाचला. सरकारने ती माती खरवडली आणि पुरायला जागा शोधली ती वॉरन काउंटीत, जिथे वस्ती बहुतांश काळ्या आणि गरीब लोकांची. १९८२ च्या सप्टेंबरात मातीचे ट्रक आले तेव्हा बायाबाप्ये, पोरं रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून जास्त लोकांना अटक झाली. माती शेवटी तिथेच पुरली, पण घाण दरवेळी गरिबाच्याच दारात का, हा प्रश्न तिथून जो उठला तो अजून खाली बसलेला नाही.

हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, असंही मी म्हणालो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तसंच पुढे गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात येतं. आंघोळ नागपूरची, तोंड वाकडं भंडाऱ्याचं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी आला. टाळ्या पडल्या. वॉरन काउंटीच्या त्या चित्रात मी स्वतःला कुठे पाहत होतो, हे वेगळं सांगायला नको. रस्त्यावर आडवा, अर्थात. शक्यतो छायाचित्रकाराच्या बाजूला तोंड करून.

टाळ्यांची नशा उतरायच्या आत प्लॉट शुद्ध करायला घेतला. वस्तीतल्या लोकांना विचारायचं मला सुचलं नाही. ज्यांचं भलं करायचं त्यांना काय विचारायचं?

आधी वळलो बुरशीकडे. पॉल स्टॅमेट्स नावाच्या अमेरिकी बुरशीतज्ज्ञाने १९९० च्या दशकात डिझेलने माखलेल्या मातीच्या ढिगावर धिंगरी अळिंबी वाढवली होती. बाकीचे ढीग काळेच राहिले, अळिंबीचा ढीग काही आठवड्यांत फिका पडला. आणि धिंगरीला लागतं काय, तर धानाची तणीस! लाखनीत तणशीला काय तोटा? ती आधी गरम पाण्यात घालून निर्जंतुक करावी लागते. त्यासाठी मी बायकोच्या माहेरून आलेला पितळेचा गंज घेतला. भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या घरातली ती प्रसिद्धी त्या एका गंजापुरती उरली होती. तळ जळून काळा झाल्यावर तीही गेली. बायको काही बोलली नाही. तिने त्या दिवसापासून गंज दर्शनी भागात ठेवला आहे.

थंडी होती, धिंगरीला मानवली. एका सकाळी काळ्या मातीवर पांढरे शुभ्र पंखे उगवलेले दिसले. मी त्यांचे फोटो नातेवाइकांना पाठवले. रात्री बुरशीवरच्या पुस्तकाचं पुढचं प्रकरण वाचलं. अळिंबी तेल पचवते खरी, पण शिसं, कॅडमियम असले धातू स्वतःच्या अंगात साठवून ठेवते. म्हणून अशी अळिंबी खायची नसते. सकाळी धावत प्लॉटवर गेलो तर एकही पंखा जागेवर नाही.

आमचा मुलूख पावसाळ्यात सात्यांवर, म्हणजे रानातल्या अळिंबीवर, जीव टाकणारा. कोणीतरी भाजी केली असणार, या भीतीने मी घरोघर हिंडू लागलो. "काल भाजी कशाची केली होती?" असं परक्या बायांना विचारत. दोन-तीन घरी त्यांना वाटलं मला जेवायचं बोलावणं हवंय की काय, पुढच्या घरी एका बाईने कमरेवर हात ठेवून विचारलं, "मास्तर, आमी चोर हावो का?" तेवढ्यात पलीकडून एक आजी बोलली, "मानसाईले काय पुसता? माह्या बकरीले पुसा."

अळिंबी बकरीने खाल्ली होती. त्यानंतर मी रोज आजीच्या दारात जाऊन बकरीची प्रकृती पाहू लागलो. डोळे पाहायचो, रवंथ नीट चाललंय का ते पाहायचो, लेंड्या पाहायचो. वस्तीत बोलवा झाली की मास्तरला बकरी घ्यायची आहे आणि भाव पाडायला तो रोज खोड काढायला येतो. शेवटी आजी वैतागली. "मास्तर, माह्या बकरीवर तुमचा डोरा हाये ते समजलं. बकरी इकाची नाही." मी तिला विषाचं सांगितलं. ती हसली. "सरकारनं लाखोरी खाल्ली त पाय जातेत मनून सांगतलन. आमी जलमभर खात आलो. पाह्यन, चालून रायली का नाही!" लाखोरीच्या डाळीच्या विक्रीवर १९६१ सालची केंद्राची बंदी मला ठाऊक होती, आणि लाखोरीच्या वड्या मला किती आवडतात हे आजीला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. बकरीने पुढे दोन पिलं दिली, दोन्ही ठणठणीत.

बुरशीचा नाद सोडून मी माती तपासायचं ठरवलं, जे खरं तर सगळ्यात आधी करायचं असतं. सरकारची माती आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे. फॉर्मवर पिकाचा रकाना होता. काय लिहावं सुचेना, म्हणून धान लिहिलं. पत्रिका आली. तीत बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. शिशाचा रकाना नाही. असणार तरी कसा? ती शेताची पत्रिका. पिकाला काय कमी पडतं ते ती सांगते, पोराच्या पोटात काय जास्त जातं ते नाही. आणि गावातल्या, सातबाऱ्यावर पीक नसलेल्या मातीला पत्रिका काढायला कोणी सांगितलेलंच नाही. मला धानासाठी युरियाची मात्रा मिळाली. ती मी जपून ठेवली आहे.

मग पदरचे पैसे घालून नागपूरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत नमुना दिला. नमुना घेताना मी नवे बूट घातले होते, म्हणून जिथे पाय बरबटत नव्हते अशा कोरड्या, स्वच्छ दिसणाऱ्या कोपऱ्यातून माती घेतली. अहवालात शिसं निघालं, आणि थोडंथोडकं नाही. अमेरिकेने घराच्या अंगणातल्या मातीसाठी धोक्याची पातळी २०२४ मध्ये दशलक्षात ४०० भागांवरून २०० वर आणली. आमचा कोपरा त्या जुन्या रेघेच्याही वर होता. इथे मात्र मला विनोद करता येत नाही. शिसं हातावरून, धुळीतून पोरांच्या पोटात जातं आणि वाढत्या मेंदूत घर करतं. ते कुजत नाही, जळत नाही, पावसाने वाहून संपत नाही. शिसं मिसळलेलं पेट्रोल देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, पण रस्त्याकाठच्या मातीला ते अजून कोणी कळवलेलं नाही.

अहवाल हातात आल्यावर माझ्यातला सेनापती जागा झाला. माती काळी, म्हणजे विष तिथे, हे तर कोणालाही दिसत होतं. मजूर लावले, प्लॉटच्या मधला काळाकुट्ट थर खरवडला, ट्रॅक्टरची ट्रॉली गच्च भरली. आजी दारात उभी राहून पाहत होती. "कुटी नेता?" तिने विचारलं. "दूर," मी म्हणालो. माझं सगळं नियोजन त्या एका शब्दात संपलं होतं.

पहिलं दूर म्हणजे माझ्या मित्राचं शेत. सभेत सगळ्यात जास्त टाळ्या त्याच्याच होत्या. ट्रॉली धुऱ्याशी दिसताच त्याला साकोलीला जायचं आठवलं. ट्रॅक्टर कोणाच्या वाटेत लावू नका म्हणाला आणि निघून गेला.

मग मला मामा तलाव आठवला. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, 'माजी मालगुजारी' हे नाव तेवढं चिकटून राहिलं. पाळीवर माती टाकली तर पाळ मजबूत होईल, असा मी सोयीस्कर विचार केला. पाळीवर एक तरुण जाळं विणत बसला होता. माझाच विद्यार्थी. उठून पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमी शारेत सांगत होते, तेलाचा पडदा पान्यावर आला का मासोऱ्या गुदमरतेत. ते आता बदललं का?" बदललं नव्हतं. नववीत त्याला विज्ञानात कमी गुण दिल्याचं मला उगाच आठवलं.

ट्रॉली पुढे निघाली तेव्हा तिच्यामागे पोट्टे लागले होते. पोळ्याला अजून अवकाश होता, पण त्यांनी मारबत सुरू केली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत काढतात. सगळी रोगराई, इडापिडा तिच्या माथी मारून तिला हाकारत गावाबाहेर नेऊन टाकतात. नागपूरची काळी मारबत तर १८८१ पासूनची. पोट्टे ताल धरून ओरडत होते, ट्रॅक्टरवाला हसत होता आणि मी मडगार्डवर बसून मारबतीच्या शेजारी मिरवत होतो. शिवेच्या बाहेरही कोणाचं तरी गाव असतं, हा या प्रथेतला कच्चा दुवा त्याच दिवशी माझ्या ध्यानात आला, कारण त्या गावाने रस्त्यात खाट टाकली होती.

खाटेवर एक म्हातारी बसली होती. तिच्या मागे बाया, बायांच्या मागे शेळ्या. मोबाइल कानाला होता. "हो, आला. ट्रॅक्टरवरच बसून हाये," ती कोणाला तरी सांगत होती. पलीकडून बोलत होती आमची बकरीवाली आजी. खाटेवरची तिची विहीण. मी गावातून निघाल्याबरोबर आजीने तिला कळवलं होतं की मास्तर जहर घेऊन तुमच्या बाजूला येऊन रायला.

मी खाली उतरलो. समजावलं. विहिणीने फोन माझ्या हातात दिला. "आजी, तुमच्याच दारातली घाण काढतो आहे ना मी?" मी म्हणालो.

"माह्या दारातली काढून माह्या पोरीच्या दारात टाकता?" आजी म्हणाली. "आमची कारी माती आमच्यापाशीच बरी. इहिनीले तोंड दाखवाचं हाये मले."

फोन बंद झाला. म्हातारी खाटेवर आडवी झाली. अगदी वॉरन काउंटीतल्यासारखी. आणि समोर ट्रकवर कोण, तर मी. त्या सभेतला एक जण नेमका तिथून मोटारसायकलने गेला. त्याने गाडी हळू करून फोटो काढला, तो गावात सगळ्यांनी पाहिला.

ट्रॉली माझ्या घरासमोर उभी राहिली, कारण जगात दुसरी जागा उरली नव्हती. सकाळी फिरायला निघालेल्या एका वकील शेजाऱ्याने थांबून आनंदाने माहिती दिली की वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत बसतं आणि ते असं ट्रॉलीत घालून गावभर फिरवणं शोभत नाही. ट्रॉलीवाला रोज येऊन आभाळाकडे पाहायचा. मृग तोंडावर, पहिला पाऊस पडला की त्याला चिखलणीला ट्रॅक्टर हवा. बायको खिडकी उघडत नव्हती. पाऊस पडला असता तर सात रंग थेट आमच्या तुळशीपाशी आले असते, आणि व्यतिकरण समजावून सांगायला मीच उरलो असतो.

आजीने माणूस पाठवून मला बोलावलं. प्लॉटवर वस्तीच्या बाया, गॅरेजचे मिस्त्री, दोन-चार पोरं बसली होती. मला सवयीने बोलायची उबळ आली. २०२५ च्या जुलैत केंद्राने प्रदूषित जागांसाठी नियम काढले आहेत आणि ज्याने घाण केली त्याने खर्च सोसावा असं त्यात आहे, असं मी ठासून सांगितलं. सगळ्यांत जुन्या मिस्त्रीने मुकाट्याने वही काढली. कोणत्या गाडीचं तेल कधी बदललं याची ती वही. पहिलं पान उघडून तो मोठ्याने वाचू लागला आणि माझ्या हिरो होंडाचा नंबर ऐकू येताच मी विषय बदलला.

मग त्याने विचारलं, "सर, मधली माती काऊन कोरली तुमी? तिथं त निसतं तेल हाये. ब्याटऱ्या तिकडच्या कोन्यात फोडत होते. शिसं गारून नेत, पानी तिथंच ओतत." त्याने बोट दाखवलं त्या कोपऱ्यात माती पिवळी, कोरडी, देखणी होती. माझे नवे बूट तिथेच कोरडे राहिले होते. नमुना मी विषाच्या कोपऱ्यातून घेतला होता आणि मिरवणूक काढली होती भलत्याच मातीची.

एकूण, ज्याच्या डोळ्यांदेखत ब्याटऱ्या फुटल्या तो माणूस प्लॉटपासून दहा पावलांवर गाड्या दुरुस्त करत होता, आणि मी प्रयोगशाळेसाठी नागपूर गाठलं होतं.

एकदा हे कळल्यावर पुढचं सोपं होतं, आणि त्यात माझं काही काम नव्हतं. तेल आणि शिसं यांची गत वेगळी. तेल हे जिवाणूंचं अन्न आहे. त्यात कर्ब उदंड, पण नत्र नाही. हवा, ओल आणि थोडं शेण दिलं की मातीतलेच जिवाणू ते हळूहळू खाऊन टाकतात, इंजिनच्या जाड तेलाला महिनोन्‌महिने लागतात एवढंच. मी आनंदमोहन चक्रवर्तींचं नाव घेतलं: कलकत्ता रोडच्या त्या टोकाचे बंगाली शास्त्रज्ञ, त्यांनी तेल खाणारा जिवाणू घडवला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून त्याचं पेटंट मिळवलं. "तो किडा इकत मिरते का?" आजीने विचारलं. मी नाही म्हणालो. "मंग शेनात किडे कमी हायेत का?" हे उत्तर शास्त्रशुद्ध होतं. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगांवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याचा प्रेसमड, नत्र देणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी घालून साग, शिसव उभे केले, त्यामागचं तत्त्वही फार निराळं नव्हतं.

ट्रॉली वस्तीत परत आली. माती ताडपत्रीवर पसरली, बायांनी बांधीला घालतात तशी चारी बाजूंनी पाळ घातली, शेण आणि कापलेली तणीस मिसळली, वर झाकण. अधूनमधून फावड्याने उलथापालथ. मिस्त्री लोकांनी गाड्यांखाली पत्र्याचे ट्रे ठेवले. जळकं तेल आता डब्यात साठतं आणि परवानावाल्याकडे जातं.

शिशाचा कोपरा उरला. शिसं काढायचं म्हटलं की पुन्हा ट्रॉली, पुन्हा विहीण. तेव्हा मला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा साउथ प्रेस्कॉट मोहल्ला आठवला. तिथल्या अंगणांतल्या शिशासाठी पर्यावरण खात्याने स्थानिक लोकांनाच कामावर घेतलं आणि मातीत माशांच्या काट्यांची भुकटी मिसळली. काट्यांतलं फॉस्फेट शिशाशी घट्ट बांधलं जातं. शिसं तिथेच राहतं, पण पोटात गेलं तरी अंगात फारसं भिनत नाही. वर स्वच्छ मातीचा जाड थर. हे मी सभेत बोललो आणि पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. तलावांच्या जिल्ह्यात काट्यांना काय कमी?

उत्साहाच्या भरात मी रविवारी संध्याकाळी बादली घेऊन घरोघर काटे गोळा केले आणि रात्रीच कोपऱ्यात पेरून टाकले. ओकलंडचे काटे शिजवून, वाळवून, दळून घेतलेले होते, हा तपशील माझ्या नजरेतून निसटला होता. पहाटे लाखनीतली आणि बहुधा शेजारच्या मुरमाडीतलीही झाडून सगळी मांजरं प्लॉटवर सभेला हजर होती. पाठोपाठ कुत्री आली. मांजरांनी कोपरा उकरला, शिशाची माती चहूकडे उडवली आणि बायांना ती ओली करून पुन्हा गोळा करावी लागली.

आता काटे आजीकडे जमा होतात. उकळणं, वाळवणं, उखळात कांडणं हे सगळं तिच्या देखरेखीखाली चालतं. तिथे काही खायचं लावायचं नाही, झेंडू लावायचा आणि दसऱ्याला विकायचा, असं बायांनी ठरवलं आहे. कामाची वाटणी फळ्यावर लिहिली आहे. पाळ, पाणी, उलथापालथ, काटे, हिशेब. माझंही नाव शेवटी आहे, त्याच्यापुढे 'मांजरं' असं लिहिलंय. पहाटे काठी घेऊन जातो. बकरीची दोन पिलं सोबत असतात; ती माझ्यापेक्षा चांगलं काम करतात, असं आजीचं म्हणणं आहे.